गाडीची उंची आणि तिचा तोल

दिल्लीच्या काश्मीरी दरवाज्याजवळ मोटारींच्या सुट्या भागांची फार मोठी बाजारपेठ आहे. जीप, जिप्सी किंवा थार यांसारखी चारही चाकांना गती देणारी गाडी बाळगणारा एखादा माणूस तेथे गेला आणि ‘गाडी उचलायची आहे’ एवढेच म्हणाला, तर त्याच्यापुढे निदान अर्धा डझन निरनिराळ्या वस्तू ठेवल्या जातील : लांब शॅकल, जादा पाटे, स्प्रिंगवर बसवावयाचे ठोकळे, उंच स्प्रिंगा, लांब शॉकॲब्सॉर्बर, मोठे टायर. या सर्वांना मिळून बाजारात ‘लिफ्ट’ हे एकच नाव आहे. वस्तुतः यांपैकी प्रत्येक वस्तू गाडीचा निराळा भाग उचलते, आणि तिच्यामागून येणारा खर्चही निराळा असतो. ज्याचा खिसा बेताचा आहे अशा मालकाची फसगत वस्तूच्या किमतीत क्वचितच होते. ती होते या एका नावामुळे.

तेव्हा आपल्या गाडीचे नेमके काय उंच व्हावयास हवे, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे. अवघड वाटेवर गाडी तीन प्रकारे अडते. कधी ॲक्सलच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा दगडावर आदळतो. कधी वाटेवरच्या उंचवट्यावर गाडीचे पोट टेकते, अथवा नाल्यात उतरताना पुढचा आणि चढताना मागचा बंपर जमिनीत घुसतो. आणि कधी खाचखळग्यांत एक चाक अधांतरी लटकते व जागच्या जागी फिरत राहते. ही तीन दुखणी भिन्न आहेत आणि त्यांची औषधेही भिन्न आहेत.

पहिल्या दुखण्यावर स्प्रिंगांचा काहीएक उपयोग होत नाही. दोन्ही चाकांना जोडणारा ॲक्सल अखंड असेल, तर त्याचा गोळा जमिनीपासून किती उंच राहणार हे केवळ टायरच्या त्रिज्येवर ठरते. ॲक्सलच्या वर कितीही उंच स्प्रिंगा बसविल्या, तरी ॲक्सल होता तेथेच राहतो; वरचा सांगाडा तेवढा आकाशाच्या दिशेने सरकतो. जिप्सीचे उदाहरण घ्यावे. तिला २०५/७० मापाचा पंधरा इंची टायर असतो व त्याचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २१५/७५ मापाचा टायर घातला, तर व्यास ७०३ मिलिमीटरांच्या आसपास जातो आणि ॲक्सल सुमारे १८ मिलिमीटर उंच होतो. २३५/७५ मापाच्या टायरने तो सुमारे ३३ मिलिमीटर उंचावतो. पुष्कळ मालक पाट्यांवर पैसे खर्च करतात, गाडी चार बोटे उंच झालेली पाहून समाधान पावतात आणि पुढच्या खेपेस त्याच दगडावर तोच गोळा आपटल्यावर चकित होतात. त्यात चकित होण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या दुखण्यावर मात्र स्प्रिंगांची उंची खरोखरच उपयोगी पडते. जिप्सीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २३७५ मिलिमीटर आहे. तिचे पोट जमिनीपासून २५ सेंटिमीटर उंच आहे असे धरले आणि ते ५ सेंटिमीटरांनी वाढविले, तर पोट न टेकता ज्या उंचवट्यावरून गाडी पार होऊ शकते त्याचा कोन साधारणपणे चार ते पाच अंशांनी वाढतो. हा लाभ लहान नाही. आजच्या गाड्यांना तो मुळातच किती दिलेला असतो, हेही पाहून ठेवावे. नाशिक येथे तयार होणाऱ्या व २०२० मध्ये नव्या रूपात आलेल्या थारसाठी निर्मात्याने पुढचा कोन ४१.८ अंश, पोटाखालचा २७ अंश व मागचा ३६.८ अंश असा सांगितला होता. एवढे कोन ज्या गाडीला कारखान्यातूनच मिळाले आहेत, तिच्या मालकाने उंचीच्या मागे लागण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

तिसरे दुखणे उंचीचे नव्हेच. चाकाला खाली-वर जाण्यास किती मोकळीक आहे, याचे ते आहे. स्वस्त उपायांपैकी बहुतेक उपाय ही मोकळीक वाढवीत नाहीत आणि काही तर ती कमी करतात.

दिल्लीच्या परिसरातील जमीन

राजधानीच्या आसपास अशा गाड्या ज्या भूमीवर जातात ती दोन प्रकारची आहे. दक्षिणेस गुरुग्राम, फरीदाबाद, सोहना आणि नूह या बाजूंना अरवलीच्या झिजलेल्या टेकड्या आहेत. तेथे टणक क्वार्ट्झाइट खडक, सुटे धोंडे आणि पावसाने कापलेल्या घळी आढळतात. पूर्वेस यमुनेचा खादर आहे. तेथे वाळू आणि नदीने आणून टाकलेला बारीक गाळ असतो. वाळूत उंचीचा उपयोग अत्यल्प होतो. टायरमधील हवा नेहमीच्या दाबाच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंत उतरविली की टायर पसरतो, भार अधिक जागेवर विभागला जातो आणि रुतणारी गाडी पुढे सरकू लागते. या उपायास एक पैही पडत नाही. परतताना हवा भरण्यासाठी एक छोटा पंप मात्र जवळ असावा लागतो. तेव्हा ज्याची भटकंती मुख्यत्वे वाळूत आहे, त्याला या प्रकरणातील पुढील मजकुराची गरज थोडीच भासेल.

या जागांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अरवलीतील पुष्कळशी जमीन पंजाब भूसंधारण अधिनियम, १९०० याखाली येते आणि या अधिनियमाच्या कलम ४ अन्वये काढलेल्या विशेष आदेशांनी व्यापलेल्या जमिनी वनजमिनीच होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. अशा जमिनीवर चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून पावसाचे पाणी वाहू लागते आणि एका हंगामात त्यांच्या घळी होतात. गाडी उंच केल्याने तेथे जाण्याचा अधिकार उत्पन्न होत नाही.

दिल्लीतील मालक कधी कधी तिसरे कारण पुढे करतात. ते म्हणजे पावसाळ्यात तुंबणारे भुयारी रस्ते. जुलै २०२० मध्ये मिंटो पुलाखाली साचलेल्या पाण्यात एका छोट्या मालवाहू गाडीचा चालक बुडून मरण पावला. अशा पाण्यात ५ सेंटिमीटरांनी काय साधणार? इंजिनाची हवा घेणारी नळी तेवढीच वर जाते. ॲक्सलची श्वासनळी मात्र ॲक्सलबरोबर खालीच राहते आणि तिच्यावाटे पाणी आत शिरून तेल नासते. ती रबरी नळी लांबवून वर बांधून घेणे हे अत्यंत स्वस्त काम आहे, आणि लिफ्ट करण्यापूर्वीच ते उरकावे.

पाट्यांच्या गाड्या

स्वस्तात उंच करता येणाऱ्या गाड्यांमध्ये जिप्सीचे स्थान दिल्लीत पहिले आहे. १९८५ मध्ये गुडगाव, म्हणजे आजच्या गुरुग्राम, येथील कारखान्यातून ती बाहेर पडू लागली व २०१९च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन थांबले. सैन्याने ती मोठ्या प्रमाणावर वापरली आणि लष्करी लिलावांतून बाहेर पडलेल्या जिप्सी आजही या परिसरातील कारागिरांच्या हातांखाली येतात. तिच्या चारही चाकांवर पाटे आहेत. उत्तरेकडील मिस्त्री त्यांना ‘कमानी’ म्हणतात. १९४९ मध्ये मुंबईत माझगाव येथे ज्यांची जुळणी सुरू झाली त्या जुन्या जीपगाड्याही पाट्यांवरच उभ्या असत. त्यामुळे पाट्यांना कमान देण्याची, फुटलेला पाटा बदलण्याची विद्या आपल्या देशात गावोगाव पसरलेली आहे.

परंतु नवे काही विकत घेण्यापूर्वी एक मोजमाप करणे अगत्याचे आहे. सपाट जागी गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पंख्याच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि ते त्याच जातीच्या, नवे पाटे असलेल्या गाडीशी ताडून पाहावे. वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या गाडीचे पाटे बसलेले असतात. चालकाची बाजू पुष्कळदा अधिक बसलेली असते. अशी गाडी दोन-तीन सेंटिमीटरांनी खाली आली असेल, तर तिला लिफ्टची नव्हे, तिच्या मूळ उंचीची गरज आहे. मूळ मापाचे नवे पाटे, नवे बुश आणि नवे यू-बोल्ट एवढ्यानेच ती पूर्वीसारखी उभी राहते, आणि यात ॲक्सल, ब्रेक अथवा स्टिअरिंग यांपैकी कशालाही हात लावावा लागत नाही. कमी खर्चाच्या उपायांत हा सर्वोत्तम होय. तो कोणी सुचवीत नाही याचे कारण उघड आहे : त्यात विकण्याजोगे नवल काही नाही.

बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेणे हा याहूनही स्वस्त मार्ग. त्यात एक खोच आहे. पाटा थंड असतानाच यंत्रावर दाबून त्याला कमान दिली, तर पोलादाचे पाणी टिकते. भट्टीत लाल करून हातोड्याने ठोकला आणि नंतर त्याला विधिपूर्वक पुन्हा पाणी दिले नाही, तर काही महिन्यांत तो पूर्वीपेक्षाही अधिक बसतो. काम देण्यापूर्वी कारागिराची भट्टी आणि पाणी देण्याची सोय डोळ्यांनी पाहून घ्यावी.

जादा पाटा घालण्याची रीत मालमोटारींच्या धंद्यातून आलेली आहे. भार वाहणाऱ्या गाडीला ती शोभते. पाट्यांची संख्या वाढते त्या प्रमाणात ताठरपणा वाढतो. जाडी वाढविली तर तो घनाच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे दीडपट जाडीचा पाटा तिपटीहून अधिक ताठ असतो. सुमारे एक हजार किलोग्रॅम वजनाची जिप्सी अशा पाट्यांवर उंच उभी राहते खरी, पण ती वाकत नाही. खडकाळ वाटेवर तिची चाके जमिनीला धरून राहण्याऐवजी उसळत राहतात. मागे कायम सामान अथवा माणसे भरून नेणाऱ्याने एखादा पातळ पाटा घालावा. इतरांनी या वाटेस जाऊ नये.

लांब शॅकल ही बाजारातील सर्वांत स्वस्त लिफ्ट होय, आणि तिचे गणित ग्राहकास क्वचितच सांगितले जाते. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते. ते ५ सेंटिमीटरांनी लांबविले तर गाडी उचलली जाते अडीच सेंटिमीटर. शिवाय एकच टोक खाली गेल्याने पाटा तिरपा होतो आणि त्याच्याबरोबर ॲक्सलही फिरतो. सायकलचा पुढचा चिमटा किंचित कललेला असतो म्हणून हात सोडूनही ती सरळ धावते. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो व त्याला कॅस्टर म्हणतात. ज्या गाड्यांत पुढचे शॅकल पाट्याच्या पुढील टोकाला असते, त्यांत ते लांबविल्याने हा कल कमी होतो. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपण होऊन परत येईनासे होते, गाडी रस्त्यावर भरकटू लागते आणि ठरावीक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात. ॲक्सल व पाटा यांमध्ये पोलादी पाचर बसवून कल पूर्ववत करता येतो. शॅकलच्या किमतीत ही पाचर आणि चाकांची मापे तपासून घेण्याचा खर्च मिळवावा, मगच ती स्वस्त की महाग हे ठरवावे. मुळापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब, जाड पत्र्याचे आणि दोन्ही पट्ट्यांना मध्ये आडवा जोड असलेले शॅकल निर्धास्तपणे वापरता येते. त्याहून लांब शॅकल आडव्या धक्क्याने डोलू लागते.

काही दुकानदार पाटा व ॲक्सल यांमध्ये घालावयाचे लोखंडी ठोकळे दाखवितात. जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खाली असतात. तेथे असा ठोकळा घातला तर गाडी उंच न होता उलट खाली येईल, एवढे ध्यानात ठेवले तरी दुकानदाराच्या ज्ञानाची परीक्षा होते. ज्या गाड्यांत पाटे वर असतात त्यांतही ठोकळे मागच्याच चाकांपुरते आणि थोड्या उंचीचे असावेत. पुढच्या ॲक्सलवर ते कधीही घालू नयेत, कारण ब्रेक दाबताच ठोकळ्याची तरफ होते आणि पाटा पिळवटतो.

राहिला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत गैरसमजुतीचा प्रकार. पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवावयाचे. यात नवीन वस्तू जवळजवळ काहीच लागत नाही. चार बैठका कापून वेल्डिंगने जोडल्या की गाडी एकदम बारा-तेरा सेंटिमीटर उंच होते. म्हणून हा प्रकार स्वस्त समजला जातो. पण पुढे काय घडते ते पाहावे. वर आलेला पुढचा पाटा स्टिअरिंगच्या आडव्या दांड्याला अडतो. म्हणून दांडा वाकडा करावा लागतो अथवा नवा बनवावा लागतो. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. त्या लांब घ्याव्या लागतात. शॉकॲब्सॉर्बर अपुरे पडतात. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो : शाफ्ट ६० सेंटिमीटर लांब असेल, तर ५ सेंटिमीटर उंचीने तो सुमारे पाच अंशांनी वाढतो आणि १२ सेंटिमीटरांनी साडेअकरा अंशांनी. एवढ्या कोनात क्रॉस लवकर झिजतात, शाफ्ट कंप पावतो आणि त्याची सरकती स्प्लाइन बाहेर ओढली जाते. जोर लावला की ॲक्सल पाट्यांना पिळून फिरू पाहतो; त्याला आवरण्यासाठी आणखी एक दांडा लागतो. बैठकांचे वेल्डिंग बेताल झाले तर ॲक्सलची नळी वाकते आणि मग आतील शाफ्ट, बेअरिंगे व तेलाच्या सीली यांची मालिका सुरू होते. ही सर्व कामे रीतसर केली तर हा सर्वांत महाग प्रकार आहे. न केली तर सर्वांत धोकादायक.

वेटोळ्या स्प्रिंगांच्या गाड्या

नव्या गाड्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. २०२० नंतरच्या थारमध्ये पुढची चाके स्वतंत्र असून पुढचे डिफरन्शियल चॅसीला जखडलेले असते. म्हणून स्प्रिंग उंच केली की पुढचा गोळाही उंच होतो. परंतु तेवढ्यानेच चाकांकडे जाणाऱ्या अर्ध्या शाफ्टांचा कोन वाढतो, त्यांचे रबरी बूट फाटतात आणि वरचे बॉलजॉइंट टोकाला जाऊन भिडतात. स्प्रिंगवर बसविण्याच्या ठोकळ्याने शॉकॲब्सॉर्बरची लांबी वाढत नाही. चाक खाली जाण्यास जी मोकळीक होती, तीच खर्ची घालून गाडी उंच केली जाते. २०१० च्या जुन्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार असतात आणि बोल्ट आवळून ती फुकटात उंच करता येते. तेथेही हीच किंमत मोजावी लागते. नाल्यातून जाताना ‘ठक्’ असा आवाज येऊ लागला, तर चाक मोकळिकीच्या शेवटास पोहोचले असे समजावे.

जिम्नीत दोन्ही ॲक्सल अखंड आहेत. पाच दारांची जिम्नी २०२३ मध्ये गुरुग्रामच्याच कारखान्यातून बाजारात आली. तिच्या ॲक्सलला आडवे धरून ठेवणारा एक तिरपा दांडा असतो. गाडी उंच केली की हा दांडा अधिक तिरपा होतो व ॲक्सल एका बाजूस सरकतो. चार-पाच सेंटिमीटरांपर्यंत हे सहन होते. त्यापुढे दांडा बदलावा लागतो. ज्यांना उंची हवीच आहे त्यांनी केवळ ठोकळे न घेता स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकॲब्सॉर्बर असा संच घ्यावा. थारच्या मालकाने मात्र स्प्रिंगांना हात न लावता तो पैसा चांगल्या टायरांवर आणि पोटाखालील संरक्षक पोलादी पत्र्यांवर खर्च करावा, हे अधिक शहाणपणाचे. दगड लागला तरी चालेल अशी व्यवस्था करणे हे दगड लागूच नये अशी व्यवस्था करण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते.

चॅसी व वरचा सांगाडा यांमध्ये ठोकळे घालून केवळ सांगाडा उचलण्याचीही एक रीत आहे. तिने चाकांच्या कमानींत मोठ्या टायरना जागा होते, एवढाच तिचा उपयोग.

रस्त्यावरचा तोल

राजधानीतील अशी गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी टेकडीवर जाते आणि उरलेले सर्व दिवस दिल्ली-गुरुग्राम द्रुतगती मार्गावर किंवा रिंग रोडवर धावते. मुलांना शाळेत नेणारी गाडी बहुधा तीच असते. म्हणून उंचीचा विचार टेकडीवरच्या दगडाइतकाच रस्त्यावरच्या वळणाशी जोडला गेला पाहिजे.

गाडी कलंडणे हे दोन मापांवर अवलंबून असते : डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. जिप्सीच्या चाकांमधील अंतर साधारण १३० सेंटिमीटर आहे. हिशेबापुरता तिचा गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटर उंचीवर आहे असे मानू. तसे असेल तर ४५ अंशांच्या आडव्या उतारावर ती कलंडेल. आता सांगाडा ५ सेंटिमीटरांनी उचलला. ॲक्सल व चाके खालीच राहिल्याने गुरुत्वमध्य सुमारे ४ सेंटिमीटरांनी चढला. मर्यादा ४३ अंशांवर आली आणि वळणावर कलंडण्याचा वेग सुमारे तीन टक्क्यांनी उतरला. हे सोसण्यासारखे आहे. पाटे ॲक्सलच्या वर चढविले आणि शिवाय मोठे टायर घातले, तर गुरुत्वमध्य १३ सेंटिमीटरांपर्यंत चढतो, मर्यादा चाळीस अंशांच्या आसपास येते आणि वेग नऊ टक्क्यांनी घटतो. प्रत्यक्षात खालच्या बाजूच्या स्प्रिंगा व टायर दबत असल्याने गाडी यापेक्षा बऱ्याच आधी कलंडते. सवयीच्या वळणावर सवयीच्या वेगाने जाणाऱ्या चालकाला हा बदल डोळ्यांना दिसत नाही. रस्त्यात एकाएकी गाय अथवा दुचाकी आडवी आली आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवावे लागले, की तो प्रत्ययास येतो.

मोठ्या टायरचाही एक छुपा खर्च आहे. २३५/७५ मापाचा टायर मूळ टायरपेक्षा जवळजवळ दहा टक्के मोठा असतो. तेवढ्या प्रमाणात वेगदर्शक कमी वेग दाखवितो, चढावरचा जोर घटतो आणि ब्रेकांवरचा ताण वाढतो. १२९८ घन सेंटिमीटरांच्या, ८० अश्वशक्तीच्या जिप्सी किंगला हे ओझे जाणवते. या गाडीला २१५/७५ माप पुरेसे आहे.

ज्या गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार कमी-अधिक करणारी झडप असते, त्यांत आणखी एक घोटाळा होतो. मागचा भाग उंच झालेला पाहून ही झडप गाडी रिकामी आहे असे समजते आणि मागच्या ब्रेकांना दाब कमी देते. झडपेचा दांडा नव्या उंचीशी जुळवून घेतला पाहिजे. त्याचप्रमाणे दिव्यांचे झोत खाली आणावे लागतात. रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड फेकणाऱ्या उंच गाड्या दिल्लीत ठायी ठायी दिसतात, आणि एका पेचाच्या दोन फेऱ्यांनी तो उपद्रव टळण्यासारखा असतो.

कायदा आणि हिशेब

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अंतर्भूत झालेल्या कलम १८२-अ अन्वये अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून काम करविण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीस कळवावे. न कळविलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. मूळ मापाच्या पाट्यांनी गाडी पूर्ववत करण्याच्या मार्गाला हा प्रश्न शिवतही नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याने आयुष्याचाही हिशेब करावा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१४ व २०१५ मधील आदेशांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील निर्णयाने राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर प्रतिबंध आला; २०२५ मध्ये त्याच्या अंमलबजावणीत सर्वोच्च न्यायालयाने काही फेरफार केले. ज्या गाडीची थोडीच वर्षे उरली आहेत तिच्यावर मोठा खर्च करणे व्यर्थ होय.

एवढे सर्व ध्यानात घेऊन ज्याला पाट्यांची गाडी बेताच्या पैशात थोडी उंच करावयाची आहे, त्याने ती ४ ते ५ सेंटिमीटरांपुरतीच करावी. खर्चाचा मोठा वाटा पाट्यांवर व शॉकॲब्सॉर्बरवर पडावा, शॅकलवर नव्हे. शॉकॲब्सॉर्बर निवडताना छापील माप पाहून भागत नाही. चाक पूर्ण खाली लटकत असताना आणि पूर्ण वर दाबलेले असताना त्याच्या दोन बोल्टांमधील अंतर मोजावे. पहिल्या स्थितीत तो ताणला जाऊ नये; दुसऱ्या स्थितीत तो मिटून आदळण्यापूर्वी रबरी ठोकळा लागला पाहिजे. यू-बोल्ट नेहमी नवे घ्यावेत, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तितकाच घट्ट बसत नाही. शंभरेक किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळावेत आणि पाटे बसून स्थिर झाल्यावर, साधारण हजार किलोमीटरांनी, चारही चाकांवरची उंची त्याच टेपने मोजून पूर्वीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवावी. काढलेले मूळ पाटे, शॅकल आणि बोल्ट ग्रीस लावून पोत्यात बांधून ठेवावेत. तपासणी अधिकाऱ्याने आक्षेप घेतला अथवा गाडी विकण्याची वेळ आली, तर ते लागतील.